अंधगजन्याय आणि पदार्थसंग्रहालयें

अंधगजन्याय आपणां सर्वांस ठाऊक आहे. कांहीं आंधळे हत्ती पाहावयास गेले. ज्याच्या हातीं पाय आला तो म्हणाला, हत्ती खांबासारखा. ज्याच्या हातीं कान आला तो म्हणाला, सुपासारखा. आणि मग त्यांचें भांडण जुंपलें. एकांगी ज्ञानाचें हंसें करण्याकरितां ही गोष्ट आपण शतकानुशतकें सांगत आलों आहों. परंतु त्या आंधळ्यांना हत्तीच्या भोंवतीं फिरूं कां दिलें नाहीं, असा प्रश्न कोणी विचारलेला मला आढळला नाहीं. पायाजवळ उभा असलेल्यास कोणी हाताला धरून सोंडेपर्यंत नेलें असतें, तर हा न्याय मुळीं जन्मासच आला नसता. दोष त्या बिचाऱ्यांच्या बोटांचा नव्हे. ती भेट ज्यानें आंखली त्याचा होय.

पदार्थसंग्रहालयांचा इतिहास चाळतांना ही गोष्ट मला वारंवार आठवते. कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या एका अंध शिक्षकमित्रास घेऊन मी एका संग्रहालयांत गेलों होतों. तेथील एका पाषाणमूर्तीकडे त्याचा हात जातांच पहारेकऱ्यानें दुरूनच हटकलें, "हात लावूं नका!" पहारेकरी आपलें काम चोख करीत होता, पाटीही भिंतीवर ठळक होती. माझा मित्र हंसून म्हणाला, "मग मला येथें आणलेंस तरी कशाला?" मजजवळ उत्तर नव्हतें.

ती पाटी आपणांस सनातन वाटते. परंतु संग्रहालयांहून ती वयानें पुष्कळच लहान आहे. ऑक्सफर्ड येथील अ‍ॅश्मोलियन संग्रहालय १६८३ सालीं लोकांस खुलें झालें. त्या शतकाच्या अखेरीस सीलिया फाइन्स नांवाची एक प्रवासी बाई तेथें गेली असतां तिनें एक जाडजूड दिसणारी काठी उचलून पाहिली, आणि ती पिसासारखी हलकी निघाल्याचें नवल लिहून ठेवलें. १७१० सालीं आलेला उफेनबाख हा जर्मन गृहस्थ मात्र वैतागला. खेड्यापाड्यांतले स्त्रीपुरुष येतात आणि हरएक वस्तु हाताळतात, अशी त्याची तक्रार! सांगावयाचें इतकेंच कीं, पाहणें म्हणजे हातीं घेऊन पाहणें, हा त्या काळचा रिवाजच होता. आणि ह्यांत आपणांस तरी काय नवल? पंढरीस जाऊन विठोबाच्या पायांवर डोकें टेकल्यावांचून आपलें दर्शन पुरें झालें असें किती वारकऱ्यांस वाटत असेल?

एकोणिसाव्या शतकांत संग्रहालयें सर्वसामान्यांस खुलीं झालीं, गर्दी लोटली, आणि वस्तु कांचेच्या कपाटांत गेल्या. ह्यांत अन्याय होता असें मी म्हणणार नाहीं. हजारों हातांच्या घामानें धातु गंजतो, दगडही झिजतो. परंतु डोळसांच्या गर्दीसाठीं केलेला हा नियम ज्याचे डोळे त्याच्या बोटांत आहेत त्यालाही सरसकट लागू झाला, आणि संग्रहालयाचें दार त्याला उघडें असूनही मिटलें.

अपवाद होते; पण ते मोठ्यांच्या शिफारशीनें मिळत. १८९३ सालीं शिकागोच्या जागतिक प्रदर्शनांत तेरा वर्षांच्या हेलन केलरला तेथील अध्यक्षांनीं वस्तूंना स्पर्श करण्याची खास परवानगी दिली होती. टेलिफोनचे जनक डॉक्टर बेल स्वतः तिच्या बरोबर होते. तिनें मनसोक्त सारें चांचपलें. इजिप्तमधील ममींना हात लावण्याचा धीर मात्र तिला झाला नाहीं! परंतु ज्या अंध मुलाबरोबर डॉक्टर बेल नसतील त्यानें काय करावें?

ह्या प्रश्नाचें उत्तर इंग्लंडच्या ईशान्येस, जहाजें बांधणाऱ्या आणि कोळसा वाहणाऱ्या संडरलंड ह्या कष्टकरी शहरांत मिळालें. तेथील संग्रहालय १८४६ पासूनचें, नगरपालिकेच्या खर्चानें चाललेलें. १८७७ सालीं त्याच्या नव्या इमारतीचा पाया बसविला, त्या समारंभास अमेरिकेचे माजी अध्यक्ष ग्रँट हजर होते. १८७९ सालीं तेथें 'वॉलेस' नांवाचा पेंढा भरलेला सिंह आला. फिरत्या पशुप्रदर्शनांत असतांना ह्यानेंच माकोमो नांवाच्या प्रख्यात सिंहशिक्षकावर झडप घातली होती. ह्या संग्रहालयाचे प्रमुख जॉन आल्फ्रेड चार्ल्टन डीस ह्यांनीं शहरांतील अंधशाळेच्या मुलांस निमंत्रण धाडलें कीं, या, आणि आमच्या वस्तु हाताळून पाहा. मुलें मोठ्या उत्सुकतेनें आलीं. पेंढा भरलेले पशुपक्षी आणि सांगाडे कपाटांबाहेर काढून त्यांच्या हातांच्या टप्प्यांत ठेवले. प्रयोग इतका साधला कीं, पुढें अशा भेटी नियमानें होऊं लागल्या आणि प्रौढ अंधांनाही बोलावणें गेलें. १९१३ सालीं डीस ह्यांनीं संग्रहालयांच्या व्यवसायाच्या मासिकांत ह्याचा सविस्तर वृत्तांत छापला. त्या भेटींचीं छायाचित्रें अजून जतन आहेत. त्यांत मुलांचे चेहरे पाहण्याऐवजीं त्यांचे हात पाहावेत.

डीस ह्यांनीं नेमकें काय केलें, ह्याचा विचार केला पाहिजे. अंध मुलाला चिमणी आणि सिंह हीं दोन्हीं बहुधा खेळण्यांतून ठाऊक असतात, आणि खेळण्यांत तीं जवळजवळ सारख्याच मापाचीं! खरा आकार कळावयाचा तर सबंध जनावराभोंवतीं हात फिरावयास हवा. आंधळ्यांना हत्तीच्या भोंवतीं फिरवून आणण्याचें काम संडरलंडच्या ह्या गृहस्थानें केलें.

त्याचें अनुकरण मात्र सावकाशच झालें. इटलींतील अंकोना येथें आल्दो ग्रास्सीनी आणि दानिएला बोत्तेगोनी हें अंध दांपत्य परदेशच्या संग्रहालयांतून 'हात लावूं नका' ऐकून ऐकून कंटाळलें. त्यांच्या कल्पनेंतून १९९३ सालीं केवळ स्पर्शासाठीं 'ओमेरो' संग्रहालय उभें राहिलें. होमर ह्या अंध कवीचें तें नांव. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयांत २०१५ सालीं 'अनुभव' हें स्पर्शदालन उघडलें. २०१६ च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यानें तर कला त्यांना सुलभ करणें हें शासनाचें कर्तव्य ठरविलें आहे.

पण कायदा पायऱ्या चढवून नेत नाहीं. जुन्या संग्रहालयांचे शिल्पकार इमारतीचा डौल पायऱ्यांनीं मोजीत; चाकाच्या खुर्चीवरील मनुष्याला उतरणीची वाट बहुधा मागील दारीं असते, आणि तिची किल्ली कोणाकडे, हें त्या दिवशीं कोणासच ठाऊक नसतें! म्हणून आधीं एकट्यानें जाऊन यावें. चढ कोठें, बसावयास बाक कोठें, प्रसाधनगृहाचें दार खुर्चीस पुरेसें रुंद आहे कीं नाहीं, हें पाहावें. मंडळींत कोणी बहिरें असेल तर सांगणाऱ्याच्या तोंडावर उजेड हवा. अंधाऱ्या दालनांत खुणाही दिसत नाहींत आणि ओठही. आणि दालनें मोजूं नयेत. आपल्याकडे सहल म्हणजे दोन तासांत सारें उरकणें. अशा भेटीस तें मुळींच चालत नाहीं.

माझ्या त्या मित्राला मीं पुढच्या वर्षीं त्याच संग्रहालयांत पुन्हा नेलें. ह्या खेपेस महिनाभर आधीं पत्र लिहिलें होतें. अभिरक्षकांनीं टेबलावर तीन वस्तु मांडून ठेवल्या होत्या: एक दगडी पाटा, एक तांब्याचा घडा आणि एक खंडित नंदी. मित्र नंदीशींच थबकला. वशिंड, गळ्यांतील घुंगुरमाळ, मोडलेलें शिंग, सारें त्याची बोटें दोनदोनदां फिरून पाहत होतीं. शिंग जेथें तुटलें होतें तेथें तीं फार वेळ रेंगाळलीं. "हें पडून तुटलेलें नाहीं," तो म्हणाला, "येथें छिन्नीचे घाव आहेत." अभिरक्षक पुढें वांकले, भिंग घेऊन त्यांनीं पाहिलें, आणि खिशांतली वही काढली. घड्याकडे वळण्याआधींच संग्रहालय बंद होण्याची घंटा झाली.