आजोबांचे पुस्तक आणि रद्दीचा काटा

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी "काका, काहीतरी जुनं लिहा" असा सेक्रेटरींचा निरोप आला. पंचवीस वर्षांपूर्वी आपण सगळे इथे राहायला आलो, तेव्हा प्रत्येकाने जुन्या घरातले काही ना काही टाकून दिले असणार. मी काय टाकले, ते आज कबूल करतो.

माझे आजोबा सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होते आणि गावच्या सहकारी पतपेढीचे चिटणीसही. १९३० नंतर केव्हातरी त्यांनी पदरमोड करून चौसष्ट पानांचे पुस्तक छापले. विषय एवढाच, की खेड्यातल्या पतपेढीने हिशेब कसा ठेवावा. किर्द कशी लिहावी, खतावणी कशी मांडावी, व्याज कसे मोजावे आणि सभासदाला त्याचे खाते कसे वाचून दाखवावे.

आज हे किरकोळ वाटेल. पण १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर जाऊन कर्जरोखे हिसकावून जाळले होते. कागदावर काय लिहिलेय हे कुळाला वाचता येत नसे आणि अंगठा मात्र त्याचाच असे. पुढे १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा आला, १९२५ साली मुंबई इलाख्याने स्वतःचा सहकारी कायदा केला आणि गावोगावी पतपेढ्या निघाल्या. हिशेब लिहिणारा मात्र बहुधा गावचा मास्तरच. आपल्यासारख्या मास्तरांसाठी आजोबांनी ते पुस्तक लिहिले. आपली सोसायटी १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली चालते, म्हणजे कुळ एकच.

घरात त्या पुस्तकाच्या तीन प्रती होत्या. दोन कोऱ्या आणि एक आजोबांच्या हातातली. तिच्या समासात त्यांनी पेन्सिलीने बारीक अक्षरात टिपणे केली होती. इथला फ्लॅट लहान, सामान फार. सौ. म्हणाली, "एक तरी ठेवू या का?" मी म्हणालो, "जन्म गेला बँकेत, आता मला किर्द कोण शिकवणार?" रद्दीवाल्याच्या काट्यावर सगळे मिळून अकरा किलो भरले. पैसे मोजून घेतले.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी कॉमर्सला असलेल्या नातीने विचारले, "आबा, आपल्या घरात सहकारात कोणी होतं का हो?" त्या दिवसापासून मी शोधाला लागलो. चुलतभावांना फोन केले. एकाने सुनावले, "आजोबा काय ज्ञानेश्वर होते, म्हणून त्यांचं पुस्तक जपायचं?" प्रश्न बोचला, पण खोटा नव्हता. नात्यातल्या माणसाने लिहिले म्हणून पुस्तक मोठे होत नाही, आणि त्याने कपाट भरल्यामुळे आपणही मोठे होत नाही.

शेवटी एका जुन्या ग्रंथालयात प्रत सापडली. आपले नशीब, की ठाण्याला १८९३ पासून आणि मुंबईत १८९८ पासून मराठी ग्रंथसंग्रहालये आहेत, आणि शंकर गणेश दात्यांसारख्या माणसाने १८०० ते १९३७ मधल्या मराठी पुस्तकांची सूची करण्यात उमेदीची वर्षे घातली. प्रत हातात घेतली, पाने उलटली आणि मन खट्टू झाले. समास कोरे होते.

माझ्या आठवणीत आहे, एका पानावर छापले होते, की थकबाकीदारावर मुदतीत दावा लावावा. शेजारी पेन्सिलीने आजोबांनी लिहिले होते, "पेरणीआधी नको." दुसऱ्या ठिकाणी एका नियमापुढे फक्त, "आमच्याकडे जमले नाही." छापील मजकूर सांगतो काय व्हायला हवे होते. गावात खरोखर काय झाले, ते त्या पेन्सिलीत होते, आणि ते मी वजनावर विकले.

गोडसे भटजींचे उदाहरण मला इथे आठवते. पेणजवळच्या वरसईचे हे गरीब भिक्षुक. दक्षिणा मिळेल या आशेने १८५७ साली उत्तरेकडे गेले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. पुढे चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून त्यांनी ते मोडीत लिहून काढले. वैद्यांनी त्यात फेरफार करून १९०७ साली 'माझा प्रवास' छापला. पण मूळ बाड फेकले नाही, ते भारत इतिहास संशोधक मंडळाकडे दिले. म्हणूनच १९६६ साली दत्तो वामन पोतदारांना भटजींचा मजकूर मुळाबरहुकूम छापता आला. पुस्तक छापून झाले, आता बाड कशाला, असे वैद्य म्हणाले असते तर?

म्हणून नातेवाइकांची जुनी पुस्तके जमवावीत का, याचे माझे उत्तर असे: सगळीच जमवू नयेत, पण घरातली प्रत न उघडता टाकू नये. समास पाहावेत, मधले चिठोरे पाहावेत. कोरी जादा प्रत असेल तर ग्रंथालयाला द्यावी, कारण आपल्या घराचा पुढचा मालक माझ्यासारखाच निघू शकतो. लिहिलेली प्रत घरी ठेवावी, ती कोणाची आणि कुठून आली हे एका वेगळ्या कागदावर लिहून आत ठेवावे. फाटक्या पानाला चिकटपट्टी लावू नये. मोबाइलवर सगळ्या पानांचे फोटो काढून दोन-तीन घरांत ठेवावेत. पुन्हा छापायचे असेल, तर लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क वारसांकडे असतो, तेव्हा भावंडांची संमती आधी घ्यावी. भांडण नंतर महाग पडते.

आणि हो, आपल्या सोसायटीचे पहिले हस्तलिखित इतिवृत्त ऑफिसच्या लोखंडी कपाटात, खालच्या खणात आहे. पाण्याच्या टाकीवरून झालेल्या वादात कोण काय बोलले, तेही त्यात आहे. सगळे संगणकावर घेतले म्हणून ते रद्दीत घालू नका, ही कमिटीला विनंती.

ग्रंथालयाने आजोबांच्या पुस्तकाची झेरॉक्स काढू दिली. तिच्या समासात मला आठवलेली ती दोन टिपणे मी लिहिली आहेत. पेन्सिलीने नाही, शाईने. खाली "स्मरणावरून" असे लिहून सही आणि तारीख घातली आहे. बँकेची सवय! मूळ व्हाउचर हरवले की एवढेच हातात राहते.