ड्रममधल्या मुठीचे मूळ गाव

बऱ्हाणपूरपासून रावेरपर्यंतच्या केळीपट्ट्यात जीवामृताची कृती कुणालाही विचारा, यादी साधारण एकच: एकराला 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. ड्रममध्ये दोन दिवस ढवळले की स्लरी तयार. गूळ-बेसन हे जिवाणूंचे खाणे, हे लगेच पटते. पण शेणात जिवाणूंची काय वाण आहे, की वर आणखी मातीची मूठ हवी?

जीवामृत गावोगाव नेले सुभाष पाळेकरांनी. शेण हे खत नव्हे, विरजण, असे ते सांगतात. आणि मूठ बांधावरचीच, कारण तिथे औषध पोचलेले नसते. पण मला पाळेकरांच्या आधीची मूठ हवी होती. ती भेटली 1931 सालच्या एका इंग्रजी पुस्तकात. लेखक दोन: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. हॉवर्डचे नाव जगभर झाले. वाडांना आपल्याकडेही कोणी ओळखत नाही, हे जरा अतिच झाले.

दोघे काम करत ती इंदूरची इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री 1924 साली निघाली ती कपाशीसाठी. पऱ्हाट्या, तुराट्या कुजता कुजत नाहीत, म्हणून इथे त्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली भरडून घेत. मग कंपोस्टच्या खड्ड्यात थरावर थर आणि त्यावर शिंपायला काला: शेण, राख, गोठ्यातली मुताने भिजलेली माती आणि आधीच्या चालू खड्ड्यातले बुरशी धरलेले थोडे खत. गूळ आणि बेसन सोडले तर आजचा ड्रम जवळजवळ भरलाच की! माझा दावा एवढाच: ड्रममधली मूठ या खड्ड्याच्या कुळातली.

प्रतिस्पर्धी तीन. पहिले कुणपजल, सुरपालाच्या वृक्षायुर्वेदातले. परंपरेचे अभिमानी इथेच थांबतात. पण त्यात मांस-चरबी शिजवून मुरवत ठेवायची असते. शिजवले की जिवाणूंचे बियाणे उरते कुठे? आंबवण्याची जात एक, पण मूठ नाही. दुसरे जर्मन: हेलरीगेल-विलफार्थ यांनी 1880 च्या दशकात दाखवले, की भाजलेल्या वाळूतला वाटाणा मातीच्या अर्काने तरारतो, 1896 मध्ये नोबे-हिल्टनर यांनी त्याची बाटली काढली. मूठ इथे नक्की आहे, पण ती कडधान्यांच्या गाठींपुरती. तिसरी इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्राची काडीकचरा कुजवण्याची आडको पद्धत. तिची भुकटी विकत घ्यावी लागे, म्हणजे शेतकऱ्याच्या दृष्टीने निकालात.

चीनचे ऋण मात्र मान्य करायला हवे. तिथल्या खताच्या रीतींवर किंग या अमेरिकनाने 1911 मध्ये पुस्तक लिहिले आणि हॉवर्ड ते उघड मानतो. म्हणजे मुठीचे आजोळ चीन, घर इंदूर. इंदूरहून इच्छापूरला जाणारा रस्ता बऱ्हाणपुरातूनच उतरतो आणि दोन्हीकडे कपाशीचाच मुलूख. अशा रस्त्याने बियाण्याबरोबर युक्त्याही जातात. पाळेकर कंपोस्टच्या विरोधात बोलतात, जीवामृत जंगल पाहून सुचले म्हणतात, हे मला ठाऊक आहे. पण विरोधकाच्या घरूनही भांडी येतातच.

दाव्याला खरी अडचण वेगळीच आहे. खड्डा तापतो, चांगलाच तापतो, आणि त्या उष्णतेत बरेचसे रोगजंतू मरतात. ड्रम तापत नाही. केळीवरच्या पनामा मर रोगाची बुरशी, फ्युजॅरियम, मातीत वर्षानुवर्षे दबा धरून राहते. तेव्हा मर लागलेल्या बागेच्या बांधाची मूठ टाकली, तर विरजणाबरोबर तीही साऱ्या बागेला वाटली जाते. यावर उतारा म्हणून ट्रायकोडर्मा ही बुरशी आहे. ती दुसऱ्या बुरशा खाते, हे वाइंडलिंग या संशोधकाने 1932 मध्येच दाखवले होते. आता तिची पुडी गुळाच्या पाण्यात सोडून देणारे आहेत. ती चांगलीच, पण मूठ घ्यायची तर कधी केळी न लागलेल्या रानातली घ्यावी.