बाळगोळीपासून पाळणाघरापर्यंत

सोलापूरच्या नवी पेठेंत सायंकाळीं खरेदीची गर्दी दाटते. कडेवरचें मूल सांवरीत एखादी आई कापडाचा भाव करीत असते. मूल रडूं लागलें, म्हणजे बरोबरची आजी किंवा मावशी त्याला उचलून घेते, आणि आईचे हात घटकाभर मोकळे होतात. पाहणाऱ्याच्या ध्यानींही न येणाऱ्या या मोकळिकीला इतिहास आहे. आणि ज्या शहराचें वैभव कापडावर उभें राहिलें, त्या शहरांत तर तो विशेष मनन करण्याजोगा आहे.

पूर्वीच्या एकत्र कुटुंबांत मूल एकट्या आईचें नसे. आजीची मांडी, आत्याची कड, शेजारणीची ओसरी अशा अनेक ठिकाणीं तें वाढे. सासुरवाशिणीला सणावारीं माहेरीं पाठविण्याची चाल होती. त्या चार दिवसांत तिला पोटभर झोप मिळे, आणि मुलाला आजोळ मिळे. हा नुसता लाड नव्हता. थकलेल्या जीवाला पुन्हां उभें करण्याची समाजानें केलेली ती तरतूद होती. अर्थात् ती सर्वांच्या वांट्याला आली असें नाहीं. एक दिवसाची मजुरी बुडाली तर जिची चूल पेटत नसे, तिला माहेरची वाट क्वचितच दिसे.

१८७७ सालीं सोलापुरांत पहिली कापड-गिरणी सुरू झाली. लोक पुढें तिला ‘जुनी गिरणी’ म्हणूं लागले. तिच्यामागून लक्ष्मी, नरसिंग गिरजी, विष्णु अशा गिरण्या उभ्या राहिल्या, आणि आसपासच्या अवर्षणग्रस्त गांवांतून कुटुंबेंच्या कुटुंबें शहरांत आलीं. सूत उकलण्याच्या आणि गुंडाळण्याच्या कामावर स्त्रिया लागल्या. भोंगा वाजे, तेव्हां घरांतून निघणें भागच असे. परंतु मूल जिच्या मांडीवर ठेवावयाचें, ती आजी पुष्कळदां गांवींच राहिलेली असे.

गिरण्यांच्या शहरांत या अडचणीवर एक भयंकर तोड निघाली होती. ती म्हणजे अफूची बाळगोळी. डॉ. बार्न्स यांनीं मुंबईंतील स्त्री-कामगारांची जी पाहणी १९२२ च्या सुमारास केली, तींत त्यांच्या बहुतेक तान्ह्या मुलांना अफू दिली जात असल्याचें आढळलें. गोळीनें मूल निजून राही. त्याची भूक मंदावे, श्वास मंदावे, अंग वाळे. मात्रा चुकली तर तें उठतच नसे. शिवाय हंसण्या-रडण्याचे, माणसें ओळखण्याचे, शब्द कानीं सांठविण्याचे जे दिवस, तेच गुंगींत जात. त्या आईला निर्दय म्हणणें सोपें आहे. पण तिनें विष दिलें तें मायेच्या अभावीं नव्हे, मदतीच्या अभावीं. समाजानें तिला विसांवा दिला नाहीं, म्हणून तो तिनें मुलाच्या जिवावर उसना घेतला.

याला उतारा परदेशांत आधींच सांपडला होता. १८४४ सालीं पॅरिसमध्यें फिर्मॅं मार्बो यांनीं मजूर स्त्रियांच्या मुलांसाठीं पाळणाघर उघडलें. आपल्याकडे १९३१ सालीं शाही कामगार आयोगानें कारखान्यांतील पाळणाघरांची शिफारस केली. १९३४ च्या कारखाना कायद्यानें, पन्नासांहून अधिक स्त्रिया असतील तेथें सहा वर्षांखालील मुलांसाठीं खोली राखण्याची सक्ती करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. १९४८ च्या कायद्यानें ती सक्ती प्रत्यक्ष घातली.

परंतु खोली म्हणजे पाळणाघर नव्हे. तेथें मुलाशीं बोलणारें माणूस हवें. १९०७ सालीं मारिया माँटेसरी यांनीं रोम शहरांतील मजूर-वस्तींत ‘बालगृह’ उघडलें, तेव्हां आईबाप कामावर असतांना मुलें सांभाळावयाचीं, हाच मूळ हेतु होता. त्यांतून शिक्षणाचें नवें शास्त्र जन्माला आलें. महाराष्ट्रांत ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलें, आणि अनुताई वाघ यांच्या साहाय्यानें बालवाडी आदिवासींच्या अंगणापर्यंत नेली. १९७५ पासून ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोहोंचला.

१९५१ सालीं जॉन बोल्बी यांनीं जागतिक आरोग्य संघटनेसाठीं लिहिलेल्या अहवालांत, मायेच्या स्थिर सहवासाला तुटलेल्या मुलाच्या मनावर होणारे परिणाम मांडले. कित्येकांनीं त्याचा अर्थ, आईनें क्षणभरही मुलाला सोडूं नये, असा केला. पण मुलाला हवी असते ती सतत जवळ असणारी थकलेली आई नव्हे. ओळखीचें, प्रेमळ, रोज तेंच असणारें दुसरें माणूस आईनंतर जवळ असलें, तर मूल तिच्या परतण्यावर विश्वास ठेवावयास शिकतें.

सोलापुरांतील गिरण्यांचे भोंगे आतां थांबले. विडीचें काम मात्र हजारों स्त्रियांनीं घरांत बसून केलें. १९६६ च्या विडी-कामगार कायद्यांतील पाळणाघराची अट कारखान्याच्या जागेपुरती होती. काम घरीं आलें, पण पाळणाघर घरीं आलें नाहीं. आई समोर असूनही तिचे हात पानांत आणि डोळे सुपांत गुंतलेले. मुलाच्या दृष्टीनें ती दूरच.

याहून अवघड वाट आहे ती स्वमग्न, मेंदूच्या पक्षाघातानें पीडित किंवा मंद बुद्धीच्या मुलाच्या आईची. तिच्या मुलाचें तान्हेपण वर्षानुवर्षें सरत नाहीं, आणि घरांतील दुसरें निरोगी मूल मुकाट्यानें मागें पडतें. अशा व्यक्तींसाठीं १९९९ सालीं राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला. त्याच्या ‘समर्थ’ योजनेंत अशा मुलाला कांहीं काळ सुरक्षित ठेवून घरच्यांस विसांवा देण्याची कल्पना आहे. नांव नवें, शास्त्र नवें. पण मूळ तेंच माहेरचें.

पेठेंतल्या त्या मावशीनें मूल उचलून घेतलें, तेव्हां तिनें कायद्याला आणि शास्त्राला जें साधावयाचें आहे, तेंच साधलें. जिच्याजवळ अशी मावशी नाहीं, तिच्यासाठीं ती उभी करणें हें समाजाचें काम आहे. आईच्या विसांव्याची किंमत कोणीतरी देतोच. ती मुलानें द्यावयाची कीं आपण सर्वांनीं, एवढाच प्रश्न उरतो.