साथसंगतीचा इतिहास : ‘जॅझ मीट्स इंडिया’

ध्वनिमुद्रिका मुख्य कलाकाराच्या नावाने ओळखली जाते. साथीदाराचे नाव मागे पडते. १९६७ची ‘जॅझ मीट्स इंडिया’ मात्र साथीसाठीच ऐकावी. तिच्यात दोन त्रिकुटे एकत्र आली. पियानोवादक इरेन श्वाइत्सर यांच्यासोबत उली ट्रेप्टे यांचा बास व मानी नॉयमायर यांचे ड्रम्स होते. सतारवादक दिवान मोतीहार यांच्यासोबत केशव साठे यांचा तबला व कुसुम ठाकूर यांचा तानपुरा. मुंबईहून लंडनला गेलेल्या साठे यांनी १९६६च्या ‘इंडो-जॅझ स्वीट’मध्येही तबला वाजवला होता.

रागसंगीतात तानपुरा षड्जाचा आधार अचल ठेवतो. जॅझमध्ये बासचा आधार सतत सरकत असतो. या दोन आधारांचा मेळ बसतो की नाही, यावरच हा प्रयोग तोलला जातो. म्हणून प्रथम बास ऐकावा, मग तबला. सतार आणि पियानो आपोआप कानी पडतील.