बुवा आत गेला, ब्रह्मदेव बाहेरच

आधी स्वतःची फजिती सांगतो. इतिहास नंतर.

धसईला आपल्या पोरांची बैठक होती. विषय होता, माणूस ब्रह्मदेवाने केला की निसर्गात घडत गेला. मी बोलायला उभा राहिलो. तयारी कमी होती, म्हणून सोपी वाट धरली. आसारामचं नाव घेतलं. अल्पवयीन मुलीवर बलात्कार केला म्हणून २०१८ च्या एप्रिलमध्ये जोधपूरच्या कोर्टाने त्याला जन्मठेप ठोठावली. म्हटलं, हे यांचे धर्माचे ठेकेदार, आणि यांच्या धर्माकडून आपण जगाची उत्पत्ती शिकायची? टाळ्या पडल्या. मी खूश.

मागे एक म्हातारी बसली होती. टाळ्या थांबल्यावर ती म्हणाली, ‘पोरा, बुवा आत गेला त्ये बरा झाला. पन मानूस कोनी केला, त्ये तू सांगितलाच नाय.’

मला उत्तर आलं नाही. ती रात्र मागावर उभ्याउभ्या गेली. धागा जिथे तुटतो तिथेच गाठ मारावी लागते. शेजारच्या मागावर गाठ मारून आपलं कापड सांधत नाही. मी नेमकं तेच केलं होतं. सवाल होता सृष्टीचा आणि मी जवाब देत होतो फौजदारीचा.

मग जुनी पुस्तकं काढली. आपल्या बापजाद्यांनी अशा वेळी काय केलं ते बघितलं. आणि लाज वाटली.

साल १८८२. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होतो आहे, असा आरोप ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर केला. बर्व्यांनी अब्रूनुकसानीची फिर्याद केली. टिळक आणि आगरकर दोघांना चार-चार महिन्यांची कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगातून ते १०१ दिवसांनी सुटले. या खटल्यात जामिनाची वेळ आली, तेव्हा जोतीराव फुल्यांनी खटपट केली आणि त्यांच्या शब्दावर रामशेठ बापूशेठ उरवणे यांनी दहा हजारांचा जामीन भरला. १८८२ चे दहा हजार! ‘गुलामगिरी’ लिहून नऊ वर्षं झाली होती. फुल्यांना टाळी पिटायची असती तर आयती संधी होती. भटांची पत्रं कोर्टात खोटी पडली, आता यांचे वेदही खोटे, असं म्हणता आलं असतं. ते बोलले नाहीत. उलट जामीन उभा केला.

आता पुढचं बघा. एकच खटला, एकच शिक्षा, एकच तुरुंग. त्यातून दोन माणसं बाहेर आली. एक पुढे शास्त्राचा कैवारी झाला. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला त्याने विरोध केला. दुसऱ्याने १८८८ साली ‘सुधारक’ काढला आणि देवाधर्माची बुद्धीने झाडाझडती घेतली. तुरुंगाने जर मत खोटं ठरत असेल, तर डोंगरीने कोणाचं मत खोटं ठरवलं? टिळकांचं की आगरकरांचं? दोघांचं तर ठरू शकत नाही, कारण दोघं एकमेकांच्या उलट बोलत होते. कोर्टाने फक्त एवढंच ठरवलं, की बर्व्यांवरचा आरोप सिद्ध झाला नाही. देव आहे की नाही, हे त्या कोर्टासमोर नव्हतंच.

दुसरं साल, १९०३. टिळकांचं इंग्रजी पुस्तक आलं. आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ होतं आणि वेदांत त्याच्या खुणा आहेत, असं त्यात मांडलं होतं. त्याच वर्षी ताई महाराज प्रकरणात खोटी साक्ष दिल्याच्या आरोपावरून टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. १९०४ मध्ये हायकोर्टाने ती रद्द केली. आता जो म्हणतो की शिक्षेने सिद्धांत पडतो, त्याने सांगावं. १९०३ मध्ये आर्यांचं घर ध्रुवावरून खाली आलं आणि १९०४ मध्ये पुन्हा वर गेलं काय?

हा सिद्धांत कसा तपासायचा, ते बाबासाहेबांनी दाखवलं. टिळकांच्या गोटाशी त्यांचं काय नातं होतं ते आपल्याला माहीत आहे. १९२० साली ‘मूकनायक’ निघाला, तेव्हा पैसे देऊनही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही. राग धरायला जागा होती. पण १९४६ च्या ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या ग्रंथात टिळकांच्या सिद्धांताची वेळ आली, तेव्हा बाबासाहेबांनी ना खटला काढला ना तुरुंग. त्यांनी घोडा काढला. वेदांतल्या आर्यांचं आवडतं जनावर घोडा. मग ध्रुवाजवळ घोडा होता काय? नसेल तर सिद्धांत डळमळला. बस्स. एका घोड्याने काम केलं. धागा जिथे तुटला होता, तिथेच बोट ठेवलं.

पुरुषसूक्ताचंही तेच. तोंडातून ब्राह्मण, बाहूंतून क्षत्रिय, मांड्यांतून वैश्य, पायांतून शूद्र. आपल्या देशातला सृष्टीच्या उत्पत्तीचा हा सिद्धांत नुसता आकाश-पाताळाचा नाही. त्याने आपल्याला गावकुसाबाहेर बसवलं. म्हणून तो खोडणं ही आपली चैन नाही, गरज आहे. फुल्यांनी १८७३ मध्ये तो कसा खोडला? ब्रह्मदेवाला त्यांनी बायामाणसांचे प्रश्न विचारले. चार ठिकाणांहून बाळंत होतो, तर महिन्याला चारही ठिकाणचं सोवळं-ओवळं कसं पाळत होता? आणि सगळी माणसं ब्रह्मदेवापासून, तर इंग्रजांचा पत्ता मनूला कसा नव्हता? बाबासाहेबांनी ग्रंथासमोर ग्रंथ उभा केला. शतपथ ब्राह्मण एक सांगतं, तैत्तिरीय ब्राह्मण दुसरं. खुद्द ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात ९० वं सूक्त छातीठोक सांगतं की माणसं अशी झाली. त्याच मंडलातलं १२९ वं म्हणतं, ही सृष्टी कुठून आली कोणाला ठाऊक, देवसुद्धा नंतरचे. साक्षीदार आपसातच फुटले. फिर्यादीची केस त्यांच्याच पंचनाम्याने पडली. यात कुठल्या भटाचं चारित्र्य काढायची गरज लागली नाही.

मग बुवाच्या गुन्ह्याचा काहीच उपयोग नाही का? आहे. कुठे आहे, तेही इतिहासच सांगतो.

१८६२ साली मुंबईत महाराज लायबल केस गाजली. वल्लभ पंथाच्या महाराजांच्या दुराचारावर करसनदास मुळजी यांनी लिहिलं. जदुनाथजी महाराजांनी त्यांच्यावर फिर्याद केली. महाराजांना औषधोपचार करणारे आपले डॉ. भाऊ दाजी लाड साक्षीला उभे राहिले. करसनदास जिंकले. तिथे महाराजाची वागणूक हाच पुरावा होता, कारण दावाच असा होता की महाराज म्हणजे साक्षात कृष्ण, त्याला तन-मन-धन अर्पण करा. जिथे माणूस स्वतःलाच पुरावा म्हणून पुढे करतो, तिथे तो माणूस तपासायचा. ‘माझ्या शब्दावर विश्वास ठेव’ म्हणणाऱ्याचा शब्द कोर्टात खोटा पडला, तर त्याचा धंदा बसला पाहिजे. पैसा कुठे गेला ते विचारलं पाहिजे. आणि ज्यांनी बुवाला वाचवण्यासाठी पीडित पोरीलाच खोटं पाडलं, त्यांनाही विचारलं पाहिजे. पण जो शेतकरी घरात तसबीर लावून हात जोडतो, त्याने काय गुन्हा केला? तो फसला असेल. फसलेला माणूस आरोपी नसतो. बऱ्याच वेळा तोच फिर्यादी असतो.

ही गोष्ट आपल्याला इतरांपेक्षा जास्त कळायला हवी. १८७१ साली इंग्रजांनी कायदा केला आणि जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. एकाने चोरी केली की पारध्यांची अख्खी पालं झोडपायची. १९५२ साली तो शिक्का कागदावरून गेला, लोकांच्या डोक्यातून अजून गेला नाही. एकाच्या गुन्ह्यासाठी सगळ्यांना धरायचं, हे त्यांचं गणित आहे. आपण तेच गणित उलटं मांडून टाळ्या घ्यायच्या? मग मनूत आणि आपल्यात फरक काय उरला?

आणि कोर्टाचा शिक्का हेच सत्य मानलं, तर आपली तरी कोण माणसं शिल्लक राहतील? आपल्या मुरबाड तालुक्यात सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ ला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना गोळ्या घातल्या. त्या दिवशीच्या सरकारी कागदात ते फरारी गुन्हेगार होते. १९२६ मध्ये ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकापायी जवळकर, जेधे मंडळींना पुण्याच्या कोर्टाने शिक्षा दिली. अपिलात बाबासाहेब उभे राहिले आणि ते सुटले. १९३४ मध्ये संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्व्यांचं वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतलं. ती केस हरली, कर्व्यांना दंड झाला. म्हणून कर्व्यांचं म्हणणं खोटं ठरलं काय?

आता शेवटचा धागा, आजचा. २०१८ च्या जानेवारीत औरंगाबादला वैदिक संमेलनात केंद्रातले तेव्हाचे शिक्षणखात्याचे राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विनचा सिद्धांत चूक आहे, माकडाचा माणूस होताना कोणी पाहिला नाही. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी निषेध केला. पुढे दहावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गळाला. २०२३ मध्ये अठराशेहून जास्त शास्त्रज्ञ-शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्र काढलं. हे गृहस्थ पूर्वी मुंबईचे पोलीस आयुक्त होते. त्यांच्यावर कुठली केस नाही, कुठला तुरुंग नाही. मग माझ्यासारख्या वक्त्याने काय करायचं? बुवा आत असेल तरच ज्याचं भाषण चालतं, तो इथे मुका होतो.

आणि इथे एक पेच आहे, तो नीट बघा. मंत्री विचारतात, कोणी पाहिलं? वासेट्ठ आणि भारद्वाज यांना बुद्धानेही हेच विचारलं होतं. ब्रह्मा कोणी पाहिला? तुमच्या गुरूने? गुरूच्या गुरूने? मग बुद्धाचा सवाल खरा आणि मंत्र्यांचा खोटा, असं का?

उत्तर आपल्या रानात आहे. रात्री बिबट्या गेला तर कोणी पाहत नाही. सकाळी चिखलात पंजा दिसतो, शेळी नाहीशी असते. आपण म्हणतो, बिबट्या गेला. न पाहता म्हणतो आणि बरोबर म्हणतो. माणूस घडला त्याचे असे पंजे जागोजाग आहेत. खडकांच्या थरांतली हाडं आहेत. माळशेजच्या घाटात कड्याचे थर बघा, तो लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे, सगळं एका दमात निर्माण झालं नाही. आणि लांब कशाला? प्रत्येकाच्या पाठीच्या कण्याच्या टोकाला शेपटीचं उरलेलं हाड आहे. आपल्या भाषेत त्याला माकडहाडच म्हणतात. ब्राह्मणालाही आहे, महारालाही आहे, मंत्र्यालाही आहे. ब्रह्मदेवाने वेगवेगळ्या अवयवांतून काढलेल्या चार जातींना एकच माकडहाड कसं? ब्रह्मदेवाचा एक तरी पंजा चिखलात दाखवा, आम्ही बघायला येतो.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये लिहिलं आहे की बुद्धाने आपल्या धम्मात स्वतःसाठी जागा ठेवली नाही. त्याचा अर्थ मला त्या म्हातारीमुळे कळला. माणसाच्या मोठेपणावर आपला धम्म उभा नाही, म्हणून दुसऱ्याच्या माणसाच्या पडण्यावरही तो उभा राहू शकत नाही. उद्या आपला एखादा पुढारी लाच खाताना सापडला, तर महाड खोटं ठरणार नाही. ही सवलत आपल्याला हवी असेल, तर समोरच्यालाही द्यावी लागेल.

बुवाने गुन्हा केला तर पीडितेच्या बाजूने कोर्टाच्या दारात उभे राहू. ती लढाई वेगळी आहे आणि ती पूर्ण लढू. पण ब्रह्मदेवाची केस त्या कोर्टात चालत नाही. ती धसईच्या बैठकीत चालवायची आहे, त्या म्हातारीच्या समोर, आणि तिला पटेल अशा भाषेत.

पुढच्या बैठकीला मी आसाराम नेणार नाही. माकडहाड नेणार आहे. ते माझ्याजवळ आहेच.

जय भीम.