युनियन फायर कंपनी

युनियन फायर कंपनी ही फिलाडेल्फिया येथील पहिली स्वयंसेवी अग्निशमन संस्था होय. तिची स्थापना बेंजामिन फ्रँकलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७ डिसेंबर १७३६ रोजी केली. त्या काळी फिलाडेल्फिया हे ब्रिटिश अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया वसाहतीचे एक लहान बंदर होते.

पार्श्वभूमी

विल्यम पेन यांनी १६८२ मध्ये हे नगर वसवले. लंडनमधील १६६६ च्या अग्निप्रलयाची आठवण ताजी असल्यामुळे त्यांनी रुंद रस्ते आणि घरांभोवती मोकळी जागा यांवर भर दिला होता. मात्र वस्ती वाढत गेली, तशी नदीकाठी दाटी झाली. १७३० मध्ये डेलावेअर नदीवरील फिशबर्न धक्क्याजवळ लागलेल्या आगीने अनेक दुकाने व घरे भस्मसात केली. त्यानंतर नगरप्रशासनाने पाण्याचे बंब व बादल्या मागवल्या, तरी त्या चालवणारी संघटित माणसे नव्हती.

फेब्रुवारी १७३५ मध्ये फ्रँकलिन यांनी आपल्या 'पेनसिल्व्हेनिया गॅझेट' या वृत्तपत्रात टोपणनावाने एक पत्र छापले. पेटते निखारे उघड्या फावड्यातून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेण्याची सवय, अस्वच्छ धुराडी यांचे धोके त्यांनी दाखवून दिले आणि आपल्या जन्मगावी, बोस्टन येथे असलेल्या अग्निमंडळांचा आदर्श पुढे ठेवला.

कार्यपद्धती

प्रत्येक सभासदाने स्वखर्चाने चामड्याच्या बादल्या आणि जाड कापडाच्या पिशव्या बाळगाव्यात, असा करार होता. बादल्या पाण्यासाठी, तर पिशव्या घरातील सामान बाहेर काढण्यासाठी असत. आगीच्या गोंधळात चोऱ्या होत. म्हणून सामान सुरक्षित जागी पोहोचेपर्यंत काही सभासद दारावर पहारा देत. रात्री आगीची हाक ऐकू येताच सभासदांनी आपल्या खिडक्यांत दिवे लावायचे, हाही नियम होता. दरमहा बैठक होई व तीत आग रोखण्याच्या उपायांची चर्चा चाले. गैरहजर राहणाऱ्यांकडून घेतलेल्या दंडातून बंब, शिड्या आणि आकडे खरेदी केले जात.

सभासदसंख्या ३० झाल्यावर नव्या इच्छुकांना स्वतंत्र मंडळ काढण्यास सुचवण्यात आले. त्यामुळे नगरात एकामागून एक मंडळे उभी राहिली. ही मंडळे स्थापन झाल्यापासून शहरात एका वेळी एक-दोनांहून अधिक घरे जळाली नाहीत, असे फ्रँकलिन यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. १७५२ मध्ये अग्निमंडळांतील सभासदांच्या पुढाकाराने 'फिलाडेल्फिया कॉन्ट्रिब्युशनशिप' ही परस्पर विमा संस्था स्थापन झाली. ती आजही कार्यरत आहे.

उत्तरकाळ

एकोणिसाव्या शतकात शहराचा विस्तार झाला आणि मंडळांची संख्याही वाढली. पण त्यांच्यात तीव्र चुरस निर्माण झाली. आग विझवण्याऐवजी मंडळांमध्ये हाणामाऱ्या होण्याचे प्रसंग वारंवार घडू लागले. १८१८ मध्ये कृष्णवर्णीय नागरिकांनी स्वतःचे अग्निमंडळ स्थापण्याचा प्रयत्न केला, परंतु गौरवर्णीय मंडळांच्या विरोधामुळे तो सोडून द्यावा लागला. परस्परसाहाय्याच्या तत्त्वावर जन्मलेल्या परंपरेची ही मर्यादा होती.

अखेर १८७१ मध्ये फिलाडेल्फिया शहराने पगारी अग्निशमन विभाग सुरू केला आणि आग विझवण्याची जबाबदारी स्वयंसेवी मंडळांकडून नगरप्रशासनाकडे आली.