कुकीचा इतिहास : सोय आणि खासगीपणा

ब्राउझर निवडताना सोय आणि खासगीपणा यांच्यात आज जी तडजोड करावी लागते, तिचे मूळ १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीत घेतल्या गेलेल्या एका तांत्रिक निर्णयात आहे. वेबची देवाणघेवाण ज्या नियमांनी चालते ती एचटीटीपी ही प्रणाली प्रत्येक मागणी स्वतंत्र मानत असल्याने, तोच ग्राहक पुन्हा आल्याचे सर्व्हरला ओळखता येत नसे आणि ऑनलाइन खरेदीत निवडलेल्या वस्तूंची नोंद ठेवणे अवघड जाई. नेटस्केपमधील लू माँटुली यांनी यावर ‘कुकी’ हा उपाय योजला. सर्व्हरने पाठवलेली छोटीशी नोंद ब्राउझर वापरकर्त्याच्याच संगणकावर जपतो आणि पुढील भेटीत परत पाठवतो. ही नोंद ती पाठवणाऱ्या संकेतस्थळालाच वाचता यावी, अशी मर्यादा होती. परंतु एकाच जाहिरात कंपनीचा मजकूर अनेक संकेतस्थळांवर झळकू लागताच तिची ‘त्रयस्थ कुकी’ वापरकर्त्याचा सर्वत्र माग काढू लागली. आरएफसी २१०९ या १९९७ च्या तांत्रिक दस्तऐवजाने अशा कुकी मुळातच बंद ठेवण्याची शिफारस केली, तरी नेटस्केप व मायक्रोसॉफ्ट यांनी ती स्वीकारली नाही. पुढे सफारी या ब्राउझरने २०२० मध्ये त्रयस्थ कुकी पूर्णपणे रोखल्या, तर क्रोम या ब्राउझरने त्याच वर्षी जाहीर केलेला त्या हटवण्याचा बेत २०२४ मध्ये सोडून दिला. बहुसंख्य लोक ब्राउझरची मूळ मांडणी (डीफॉल्ट सेटिंग) बदलत नसल्याने खरा निर्णय ती ठरवणारेच घेतात, आणि म्हणूनच ती वापरकर्त्याच्या हिताची असणे हे निर्मात्यांचे कर्तव्य ठरते.